पिक्सेलवर अँड्रॉइड बीटा: आधी अपडेट येत नाही, मग बाहेर पडता येत नाही

नवीन बीटा (अँड्रॉइडची पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती) आला की तीच दोन रडगाणी सुरू होतात. पहिलं म्हणजे "नाव नोंदवलं, पण अपडेटच येत नाहीये", आणि त्याच लोकांकडून चार-पाच महिन्यांनी दुसरं, "आता मला साधं अँड्रॉइड पाहिजे पण फोन म्हणतोय सगळा डेटा उडेल, काय करू?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, बहुतेक वेळा अकाउंटचा घोळ असतो. दुसऱ्याचंही उत्तर आहे, पण ते वेळेवर करावं लागतं आणि ती वेळ कोणती हे बहुतेकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक टाकली की काम झालं.

हे सगळं फक्त पिक्सेलबद्दल, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या फोनबद्दल आहे. अँड्रॉइड १६ च्या बीटासाठी पिक्सेल ६ आणि त्याच्या पुढचे फोन चालत होते, ५ए वगैरे असेल तर डोकं लावू नका. सॅमसंगवाल्यांचा वन यूआयचा बीटा वेगळा, तो सॅमसंग मेंबर्स ॲपमधून मिळतो, त्याचे नियम इथे लावू नका. आणि टेलिग्रामवर कोणीतरी झिप टाकतं "ऑल डिव्हाइसेस बीटा" म्हणून, ते काहीही असू शकतं, त्याला हात लावू नका.

नोंदणी केली पण अपडेट येत नाही

नोंदणी गूगल डॉट कॉम स्लॅश अँड्रॉइड स्लॅश बीटा या पानावर होते. तिथे तुम्ही ज्या अकाउंटने लॉगिन केलंय तेच अकाउंट फोनमध्ये असायला पाहिजे, आणि गंमत इथेच होते, कारण लॅपटॉपवर ऑफिसचं किंवा कॉलेजचं अकाउंट उघडं असतं, फोनमध्ये घरचं, आणि माणूस चार दिवस फोनकडे बघत बसतो. पानावर खाली तुमच्या डिव्हाइसची यादी दिसते. त्या यादीत तुमचा फोन दिसत नसेल तर अकाउंट चुकलंय असं समजून आधी तेच तपासा, बाकी काही करू नका.

यादीत फोन दिसतोय, ऑप्ट इन (बीटात नाव नोंदणं) पण झालंय, तरी नाही आलं? मग सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात सॉफ्टवेअर अपडेट, त्यात सिस्टम अपडेट, तिथे जाऊन स्वतः चेकचं बटण दाबा. नोटिफिकेशनची वाट बघत बसू नका, गूगल स्वतःच म्हणतं २४ तासांत येईल, आणि बऱ्याचदा बटण दाबलं की लगेच दिसतं.

तरीही नाही आलं तर बिल्ड नंबर (सिस्टमच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक) बघा. अबाउट फोनमध्ये सगळ्यात खाली असतो, उदाहरणार्थ अँड्रॉइड १६ च्या बीटा ४ चा नंबर बीपी२२ डॉट २५०३२५ डॉट ००६ असा होता. मधले सहा आकडे म्हणजे तारीख, २५०३२५ म्हणजे २०२५ सालातला २५ मार्च. आता तुमच्या फोनवर नुकताच आलेला महिन्याचा सिक्युरिटी पॅच या तारखेच्या पुढचा असेल तर फोनच्या हिशोबाने बीटा हा जुना माल झाला, आणि ओटीए, म्हणजे इंटरनेटवरून थेट फोनवर येणारं अपडेट, मागे जात नाही. अशा वेळी पुढचा बीटा येईपर्यंत थांबणं एवढंच हातात असतं. तारखेवरून अंदाज येतो, हमी नाही, पण "गूगल मला का देत नाही" या प्रश्नाचं उत्तर निम्म्या वेळा इथे सापडतं.

डाउनलोड सुरू झालं आणि अडकलं

साध्या महिन्याच्या अपडेटसारखं हे छोटं नसतं. स्टेबलवरून, म्हणजे सगळ्यांना मिळणाऱ्या पक्क्या आवृत्तीवरून, बीटावर जाताना कधीकधी दोन जीबीच्याही पुढे जातं, त्यामुळे रोजचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज असेल तर दुपारपर्यंत डेटा संपून अपडेट लटकू शकतं. वायफाय घ्या. फोनमध्ये जागा पण ठेवा, दहा-पंधरा जीबी मोकळी असली की कटकट नाही. "इन्स्टॉलेशन प्रॉब्लेम" असं लाल अक्षरात आलं तर आधी रीस्टार्ट, मग जागा बघा, मग परत.

पिक्सेलमध्ये सिस्टमच्या दोन जागा असतात, एक चालू असते आणि अपडेट दुसरीवर लिहिलं जातं, म्हणूनच तुम्ही फोन वापरत असताना मागे काम चालू राहतं आणि म्हणूनच ते एवढं रेंगाळतं, कारण फोन मुद्दाम त्याला कमी जोर देतो. पट्टी हलत नाही म्हणून दर दहा मिनिटांनी रीस्टार्ट मारणारे लोक मी बघितलेत, त्यांचं कधीच होत नाही. रात्री चार्जिंगला लावा आणि झोपा. या दोन जागांचा फायदा असा की नवीन सिस्टम बूटच झाली नाही तर फोन सहसा आपोआप जुन्या जागेवर परत येतो, त्यामुळे अपडेट चालू असताना लाइट गेले, बॅटरी संपली, तरी लगेच फोनची वीट झाली असं होत नाही.

हाताने टाकायचं असेल तर

ज्यांना धीर नाही त्यांनी ओटीएची फाइल उतरवून पीसीवरून साइडलोड करावी, म्हणजे केबलने हाताने फोनवर टाकावी. याला बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टम सुरू करणारा भाग) अनलॉक लागत नाही आणि डेटाही जात नाही. दुसरा रस्ता म्हणजे अँड्रॉइड फ्लॅश टूल, तो क्रोममध्ये चालतो, दिसायला एकदम सोपा, पण त्याला बूटलोडर अनलॉक लागतो आणि अनलॉक केलं की फोन पुसला जातो, दर वेळी, अपवाद नाही. त्यामुळे नुसता बीटा घ्यायला फ्लॅश टूल वापरू नका.

साइडलोडला जे नेहमी अडतं ते सांगतो. फाइल उतरवल्यावर नावाच्या शेवटी आठ अक्षरांचा तुकडा असतो, तो त्या फाइलच्या शा-२५६ चेकसमची, म्हणजे फाइलवरून काढलेल्या ओळखखुणेची, पहिली आठ अक्षरं असतात. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाचं साधन आधीपासून असतं, त्याने चेकसम काढा आणि सुरुवातीची आठ अक्षरं जुळतात का बघा, नाही जुळली तर फाइल अर्धवट उतरलीये, पुन्हा उतरवा. झिप उघडायची नाही, तशीच द्यायची. मॅकवर सफारीने उतरवली तर ती बऱ्याचदा आपणहून उघडून ठेवते आणि मग लोक विचारतात झिप कुठे गेली, तर मॅकवाल्यांनी क्रोम किंवा फायरफॉक्स वापरा.

मग फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून ठेवा, फास्टबूटची स्क्रीन येते, तिथे आवाजाच्या बटणांनी रिकव्हरी मोड निवडा. पडलेला रोबोट आणि खाली "नो कमांड" असं दिसलं की घाबरून फोन बंद करणारे पुष्कळ आहेत, पण ते तसंच असतं. पॉवर दाबून धरा आणि आवाज वाढवायचं बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबा, मेन्यू येतो. त्यात अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी निवडा (एडीबी म्हणजे पीसीवरून फोनला कमांड देणारं साधन), आणि पीसीवर गूगलच्या प्लॅटफॉर्म टूल्सच्या फोल्डरमधून एडीबी साइडलोड ही कमांड आणि पुढे फाइलचं नाव द्या.

पीसीला फोन दिसतच नसेल तर निम्म्या वेळा केबल फक्त चार्जिंगची असते. पॉवर बँकेबरोबर आलेली ती छोटी केबल बाजूला ठेवा. विंडोजवर गूगलचा यूएसबी ड्रायव्हर लागतो, आणि रिकव्हरीत गेल्यावर विंडोज त्याच फोनला नवीन डिव्हाइस समजतं, त्यामुळे आधी दिसत होता आता का नाही तर त्यामुळे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्रायव्हर परत लावा. पीसीवरचा टक्का ४७ च्या आसपास थांबून काम संपल्यासारखं वाटलं तरी केबल ओढू नका, फोनच्या स्क्रीनवर काय लिहून येतंय ते बघा, खरं तेच. तिथे टाइमस्टॅम्पबद्दल (बिल्डच्या तारखेबद्दल) काही एरर आली तर तुम्ही जुनी बिल्ड नव्यावर टाकताय, ती जाणार नाही, कितीही वेळा केलं तरी.

बीटा टाकल्यावर बँकेचं ॲप उघडत नाही

यात बीटाला शिव्या देण्याआधी एक बघा: डेव्हलपर ऑप्शन्स (सेटिंग्जमधला प्रोग्रामरांसाठीचा लपलेला मेन्यू) चालू आहेत का. आपल्याकडच्या बऱ्याच बँकांची ॲप यूएसबी डीबगिंग किंवा नुसते डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले तरी दार लावून घेतात, आणि तुम्ही ते कोणत्यातरी व्हिडिओत बघून चालू केलेलं असतं आणि मग विसरलेला असता. बंद करा, ॲप फोर्स स्टॉप करून परत उघडा. माझ्या एका ओळखीच्यांचं ॲप असंच तीन आठवडे बंद होतं, ते बिचारे शाखेत जाऊन भांडून आले, शाखेतल्यांनी ॲप काढून परत टाकायला सांगितलं, त्याने काय होणार.

दुसरं, प्ले स्टोअरमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट, तिथे प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन लिहिलेलं असतं. डिव्हाइस सर्टिफाइड आहे असं असेल तर बीटाचा दोष नाही असं धरून चाला, कारण पिक्सेलचा अधिकृत बीटा गूगलनेच सही केलेला असतो. सर्टिफाइड नाही असं आलं तर फोन चालू होताना सुरुवातीला बूटलोडर अनलॉक असल्याची नारिंगी सूचना दिसते का आठवा. दिसत असेल तर सापडलं. फ्लॅश टूल वापरणाऱ्यांचं हे हमखास होतं, काम झाल्यावर लॉक करायचं राहून जातं. आता लॉक करायचं म्हणजे फोन परत एकदा पुसला जाणार, आणि लॉक करण्याआधी फोनवर गूगलची पूर्ण, न छेडलेली सिस्टम असली पाहिजे, रूट केलेला किंवा बदललेला फोन तसाच लॉक केला तर तो चालूच होणार नाही अशी पाळी येऊ शकते.

हे दोन्ही ठीक असेल आणि तरी ॲप पडत असेल तर ते ॲप नव्या अँड्रॉइडसाठी तयार नाहीये. ज्याचा एकच फोन आहे आणि दुकान-भाजी-रिक्षा सगळं युपीआयवर चालतं त्याने बीटा घेऊच नये असं माझं मत आहे, पण ऐकतं कोण.

बाहेर पडायचंय, डेटा न घालवता

आता मुख्य मुद्दा. लोकांचा हिशोब असा असतो की स्टेबल येऊ दे, मग आरामात ऑप्ट आउट करू, म्हणजे बीटातून नाव काढू. पूर्वी हे बऱ्यापैकी चालायचं. आता चालत नाही, कारण पुढचा बीटा आधीचं स्टेबल यायच्या अगोदरच सुरू होतो.

२०२५ चंच उदाहरण घ्या. अँड्रॉइड १६ चा बीटा ४ आला १७ एप्रिलला. स्टेबल अँड्रॉइड १६ आलं १० जूनला. पण मध्येच, २० मेला, गूगलने क्यूपीआर१ चा बीटा १ सोडला. क्यूपीआर म्हणजे दर तीन महिन्यांनी पिक्सेलला जे मोठं अपडेट येतं ते. तर जो माणूस बीटा ४ वर होता आणि जूनची वाट बघत शांत बसला होता, त्याच्या फोनवर मेमध्येच "अपडेट आलंय" अशी नोटिफिकेशन आली, त्याने नेहमीसारखं टाकलं, आणि तो अँड्रॉइड १६ च्या स्टेबलला ओलांडून पुढच्या बीटात गेला. १० जूनला सगळ्यांना स्टेबल मिळालं आणि याला नाही. मग हा म्हणतो ठीक आहे, क्यूपीआर१ स्टेबल झालं की उतरू. ते झालं ३ सप्टेंबरला. आणि क्यूपीआर२ चा बीटा १ कधी आला? २० ऑगस्टला. परत तेच.

म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये दादरला उतरायचं असेल तर माटुंग्यालाच दाराशी यावं लागतं तसं आहे हे, दादर आल्यावर उठलात तर भायखळ्याला पोचता.

तर करायचं असं. ज्या बीटावर आहात त्याचं स्टेबल अजून आलेलं नाही पण पुढच्या बीटाची नोटिफिकेशन आलीये, किंवा येणार अशी कुणकुण लागलीये, तेव्हाच ऑप्ट आउट करा. पुढचा बीटा टाकू नका. ऑप्ट आउट केल्यावर २४ तासांच्या आत फोनवर एक अपडेट येतं, त्यात लिहिलेलं असतं की हे टाकलं तर डेटा पुसला जाईल. हे डाउनग्रेडचं अपडेट आहे. ते टाकायचं नाही. नीट वाचा, टाकायचं नाही. तसंच राहू द्या, नोटिफिकेशन बाजूला सारा, सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर जाऊन बटणं दाबू नका, आणि स्टेबलची वाट बघा. स्टेबल आलं की ते साध्या अपडेटसारखं तुमच्या बीटावर बसतं, डेटा जागच्या जागी, आणि तुम्ही बाहेर.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ऑटोमॅटिक सिस्टम अपडेट्स असं एक बटण आहे, ते बंद ठेवलं की रीस्टार्टच्या वेळी काही आपोआप लागायची भीती कमी. पण वर सांगितलं तसं बँकेचं ॲप कुरकुर करत असेल तर त्या भानगडीत पडू नका, नुसतं त्या अपडेटला हात न लावणं पुरे.

मधल्या दोन-तीन आठवड्यांत सिक्युरिटी पॅच मिळत नाही, बीटातले किडे तसेच राहतात, हे सहन करावं लागतं. आणि घरात कोणाच्या हातात फोन जात असेल तर त्यांना सांगून ठेवा, कारण "अपडेट राहिलं होतं, मी करून टाकलं" असं म्हणणारी लेकरं प्रत्येक घरात आहेत.

स्टेबल आलं तरी तुमच्याकडे दिसत नसेल आणि तुम्ही खरंच योग्य बीटावर थांबलेले असाल, तर स्टेबलची ओटीए फाइल वरच्या पद्धतीने साइडलोड करा. तारीख पुढची असल्याने ती बसते. हे पुढच्या बीटात गेलेल्यांसाठी नाही.

जुलै २०२५ पासून कॅनरी नावाचा अजून एक प्रकार आहे, डेव्हलपर प्रीव्ह्यूच्या (बीटाच्याही आधीच्या कच्च्या आवृत्तीच्या) जागी आलेला. त्यातून बाहेर यायला पुसण्याशिवाय रस्ता नाही. कुतूहल म्हणून घेऊ नका.

वेळ गेलीये, पुसावंच लागणार

मग निदान नीट पुसा. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही: नव्या अँड्रॉइडवर घेतलेला गूगलचा बॅकअप जुन्या अँड्रॉइडवर परत टाकता येत नाही. म्हणजे १६ च्या बीटावरून १५ वर गेलात तर तुमचा कालच घेतलेला बॅकअप यादीत दिसेलच असं नाही. त्यामुळे त्या बॅकअपच्या भरवशावर राहू नका, एकेक वस्तू वेगळी बघा.

व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर वेगळा असतो, तो चालतो, फक्त एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड ठेवला असेल तर पासवर्ड आठवतोय का ते पुसण्याआधी आठवा, नंतर नाही. फोटो ॲपमध्ये बॅकअप पूर्ण झालाय असं लिहून आलंय का बघा, वायफायवरच घ्यायचं सेटिंग असेल तर शेवटच्या लग्नाचे फोटो तसेच राहिलेले असतात. डाउनलोड फोल्डर कोणीच बघत नाही आणि सातबाऱ्याची पीडीएफ, पॉलिसी, भाडेकरार सगळं तिथेच पडलेलं असतं, तो आख्खा फोल्डर पीसीवर ओढा. ऑथेंटिकेटर ॲपचे कोड गूगल अकाउंटला सिंक आहेत का तेही. ई-सिम असेल तर परत चालू करायची तुमच्या कंपनीची पद्धत आधीच बघून ठेवा.

युपीआय परत सेट करायला सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि नवीन नोंदणीनंतर पहिल्या दिवशी बहुतेक बँका रक्कम कमी ठेवतात, त्यामुळे घरभाड्याच्या दिवशी फोन पुसू नका. दुबई-अमेरिकेत बसून भारतातल्या नंबरवर युपीआय चालवणाऱ्यांनी तर रोमिंगवर बाहेर एसएमएस जातोय का हे आधी दुसऱ्या कोणाला पाठवून बघा, नाहीतर पुढच्या सुट्टीपर्यंत ते बंद.

पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वाल्यांना एक जुनी आठवण: ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ बरोबर या फोनच्या बूटलोडरला मागे न जाण्याची कडी बसली, त्यामुळे १२ वर परतायचे व्हिडिओ बघून काही करू नका.

प्रश्न विचारताना फोनचं मॉडेल, पूर्ण बिल्ड नंबर, ऑप्ट आउट केलंय का आणि अपडेटच्या पानाचा स्क्रीनशॉट, एवढं टाका. डेटा पुसला जाईल असं लिहिलेलं अपडेट समोर दिसत असेल तर उत्तर येईपर्यंत काहीही दाबू नका.